गच्चीवर चार बोटं पाणी

काशिराम मोकलला राग यायला कारण लागत नाही, असं पनवेलच्या बाजारात सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं. फक्त लोकच ते इतक्या तत्परतेनं पुरवायचे की दोन रागांच्या मधे बिचाऱ्याला निवांत चहा प्यायचीही फुरसत मिळायची नाही.

२०११ सालच्या मार्चमध्ये असंच एक कारण तीन जिने चढून त्याच्या घरी आलं. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटची बेल वाजली आणि दारात परेशभाई शहा, हातात पेढ्यांचा बॉक्स. परेशभाईंचं बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दुकान मुलगा बघायला लागल्यापासून ते गावाचा वारसा बघायला लागले होते. वारसामित्र मंडळाचे ते सचिव. माणूस मनाचा चांगला, हे काशिरामही मान्य करायचा, आणि पुढे म्हणायचा की मला आयुष्यात चांगल्या माणसांनीच जास्त छळलंय.

“काशिरामभाऊ, अभिनंदन! मंडळानं यंदापासून वारसा-रक्षक पुरस्कार सुरू केलाय. जुन्या इमारती जपणाऱ्या माणसांचा सन्मान. आणि पहिला मानकरी कोण? तुम्ही! अठरा एप्रिल, जागतिक वारसा दिन, एकदम ग्रँड फंक्शन!”

काशिरामला बरं वाटलं. पुढे त्यानं हे कधी कबूल केलं नाही, पण वाटलं. पासष्ट वर्षांत त्याचं अभिनंदन दोनदाच झालं होतं, एकदा लग्नात आणि एकदा निकेश झाला तेव्हा, आणि दोन्ही वेळेला खरं काम आपण केलं असं त्याची बायको जनी म्हणायची.

“फक्त एक छोटासा फॉर्म भरून द्या,” परेशभाई म्हणाले.

फॉर्म चार पानी होता. शैक्षणिक पात्रता. अनुभव, प्रमाणपत्रांसह. केलेल्या कामांचे रंगीत फोटो. दोन मान्यवरांची शिफारस.

“परेशभाय, सन्मान तुमी देताव, नि अर्ज मी करू?”

“प्रोसिजर असते ना, भाऊ.”

“नि कामाचे फोटो? मना आदी सांगितलं असतंत तर कॅमेरा घेऊन चढलो असतो. फोटो कशाला, जाऊन छतं बगा की. उभी हायेत.”

परेशभाई हसले आणि फॉर्म टेबलावर ठेवून गेले. जनीनं तो भरला. शैक्षणिक पात्रतेच्या जागी तिनं ‘चौथी’ लिहिलं. काशिराम म्हणाला, चौथीत नापास झालोय, तेही लिही, उद्या पुरावा मागतील.

छतं उभी होती हे मात्र खरं. काशिरामचा बाप उरणकडच्या मिठागरावर राबायचा. खाडीचं पाणी वाफ्यांतून खेळवायचं, बांध पायानं दाबायचे, चार बोटं पाणी म्हणजे चार बोटंच ठेवायचं, हे पोरगं चालायला लागल्यापासून शिकलं. पण मिठानं पोट भरेना. सोळाव्या वर्षी त्याला पनवेलला दाऊद मिस्त्रींच्या हाताखाली धाडलं. दाऊद मिस्त्री म्हणजे चुन्याच्या कामातला शेवटचा शब्द. त्यांनी पहिली दोन वर्षं काशिरामला थापीला हातच लावू दिला नाही. चुना विरवायचा, हौदात मुरवायचा, चुन्याच्या घाणीत, दगडी चाक ओढणाऱ्या बैलामागून फिरत, मळायचा. मग हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. मळलेला चुना लोण्यासारखा लागला नाही की मिस्त्री हौदाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “अजून सब्र नाही आला त्याला. आणि तुलाही.”

चुन्याला सब्र आला. काशिरामला नाही.

पुढे सिमेंट आलं आणि चुन्याला कुत्रं विचारेना. मिस्त्री गेले, घाणीचं चाक कुणीतरी फार्महाऊसच्या बागेत शोभेला नेलं, आणि काशिरामनं पंधरा वर्षं नवीन पनवेलमध्ये संडास-बाथरूमच्या टाइल्स लावल्या. त्याबद्दल तो बोलायचा नाही. दोन हजार सालानंतर वारं फिरलं. जुन्या इमारती पाडणारेच आता त्या वाचवायच्या सभा घेऊ लागले, आणि सिमेंटनं लिंपलेली जुनी देवळं, दर्गे, विहिरी आतून घामेजून फुटायला लागल्या तेव्हा लोकांना आठवलं की एक चिडका म्हातारा आहे. मग सात-आठ वर्षांत त्यानं देवळाच्या ओवऱ्या केल्या, तळ्याच्या पायऱ्या केल्या, एका दर्ग्याचा घुमट केला. आणि शेवटी आली बाजारपेठेतली धर्मशाळा.

धर्मशाळा दीडशे वर्षांची. घाट चढून जाणारे व्यापारी पूर्वी तिथे उतरायचे. खाली मोठं दालन, वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर विटांचा थर आणि त्यावर चुन्याचा कोबा, अशी गच्ची. मधल्या काळात कुणीतरी त्या गच्चीवर डांबराचे कागद चिकटवले होते आणि कुणीतरी त्यावर सिमेंट ओतलं होतं, त्यामुळे पावसाळ्यात दालनात छत्री घेऊन बसावं लागे. पूर्वी नावाची तिशीतली आर्किटेक्ट या कामावर होती. ती काशिरामला काका म्हणायची, तो तिला बाय म्हणायचा, आणि तिच्यावर तो आठवड्यातून एकदाच चिडायचा, ही फार मोठी सवलत होती.

कोबा एकट्या गवंड्याचं काम नाही. चुना, वीटभुकटी आणि खडी पसरली की ती ओली असतानाच लाकडी थाप्यांनी बडवायची. बायका ओळीनं उकिडव्या बसतात आणि बडवत बडवत मागे सरकतात, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आणि पुन्हा परत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सात दिवस. पण अशा बायका होत्या कुठे? काशिराम गावोगाव हिंडला. ज्यांनी तरुणपणी कोबा बडवला होता त्यातल्या बऱ्याच गेल्या होत्या. ज्या होत्या त्यांचे मुलगे आता बिल्डर झाले होते, दारात गाड्या होत्या, आणि आईनं गच्चीवर बसून थापी मारावी हे त्यांना शोभणारं नव्हतं. शेवटी जनीनंच मनावर घेतलं. तिनं घरी हळदीकुंकवाला जाते, भजनाला जाते अशा थापा मारायला लावून सहा जणी जमवल्या. सातवी ती स्वतः. सगळ्यांत थोरली सखूबाई, पंचाहत्तरीची, ठार बहिरी.

“बहिरी बाय काय कामाची?” काशिराम चिडला. “कोबा कानानं कलतो.”

“ती हातानं ऐकते,” जनी म्हणाली. “तू तुजं बग.”

कोबा झाला की नाही हे आवाजावरून ओळखतात. पहिल्या दिवशी थापी मारली की चिखलात पाय पडल्यासारखा आवाज येतो. सातव्या दिवशी रिकाम्या हंड्यावर टिचकी मारल्यासारखा. जुनी गाणी कुणालाच पुरती आठवेनात, तेव्हा त्या सात जणींनी आपापल्या सुनांवर गाणी रचली आणि त्या तालावर गच्ची बडवली. चार एप्रिलला दुपारी सखूबाईनं थापी बाजूला ठेवली, तळहात कोब्यावर टेकला आणि मान हलवली. जनीनं दोनदा टिचकी मारून ऐकलं आणि म्हणाली, “वाजला.”

काशिरामनं वर ओला पेंढा अंथरला. आता एकवीस दिवस रोज पाणी मारायचं, त्यावर पाय ठेवायचा नाही, पंचवीस तारखेला पेंढा काढायचा आणि पाणी भरून बघायचं. त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यानं जनीलाही सांगितली नव्हती. ही शेवटची गच्ची. या सात जणींना पुन्हा बसवणं व्हायचं नाही, आणि त्याच्या गुडघ्यांनाही पुन्हा जिना चढणं व्हायचं नाही. दाऊद मिस्त्रींनी हातात दिलेली विद्या या हजार चौरस फुटांवर संपत होती.

नऊ तारखेला निमंत्रणपत्रिका आली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, काशिरामचा फोटो. खाली लिहिलं होतं: स्थळ, जुन्या धर्मशाळेची नूतन गच्ची.

काशिरामनं ती तीनदा वाचली. मग चपला पायात अडकवून रिक्षानं थेट भांड्यांच्या दुकानात.

“परेशभाय, ह्ये काय हाय?”

“आवडली ना? आयडिया माझी आहे. ज्या गच्चीसाठी सन्मान, त्याच गच्चीवर सन्मान! संध्याकाळी तळ्यावरचा वारा, लायटिंग, दोनशे लोक.”

“दोनशे खुर्च्या?”

“दोनशे. आणि पुढे सोफे.”

“म्हंजे खुर्च्यांचेच आठशे पाय. माज्या कोब्यात. चौदाव्या दिवशी. परेशभाय, तो अजून कच्चा हाय! तुमी बालंतिनीला नाचायला लावताव!”

परेशभाईंनी त्याला पाणी दिलं, पंखा त्याच्याकडे फिरवला, आणि अत्यंत प्रेमानं समजावलं की पाहुण्यांची तारीख मिळालेली आहे, पत्रिका छापून झाल्यात, वारसा दिन पुढे ढकलता येत नाही आणि चौदा दिवस म्हणजे काही कमी नाहीत. त्यांच्या बंगल्याचा स्लॅब तर दहाव्या दिवशी कडक झाला होता.

“तो सिमेंटचा व्हता!”

“अहो मग चुना तर त्याच्याहून भारी ना? तुम्हीच म्हणता.”

काशिराम बाहेर आला आणि रस्त्यात उभा राहून एका रिक्षावाल्यावर ओरडला, ज्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

पूर्वीनं मंडळाला पत्र लिहिलं. मंडळानं तातडीची सभा घेतली आणि काशिरामलाही बोलावलं. सभेत वडे होते. नऊ जण होते, त्यातले सहा गच्चीवर कधी चढले नव्हते. एकानं विचारलं, खाली कार्पेट टाकलं तर? दुसरा म्हणाला, प्लायवूड टाका. तिसऱ्यानं सुचवलं की खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणं लावावीत, आणि आपल्या सूचनेवर तो इतका खूश झाला की त्यानं दुसरा वडा घेतला. काशिराम सगळ्यांना एकेक करून सांगत होता की पायांची गोष्ट नाही, हलण्याची आहे. दोनशे माणसं बसतील, उठतील, टाळ्या वाजवतील, खुर्च्या ओढतील; कच्च्या चुन्यात केसासारख्या चिरा पडतील, आज दिसणार नाहीत, जूनमध्ये दिसतील. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग इतिवृत्तात लिहिलं गेलं की श्री. मोकल यांच्या बहुमोल सूचनेची नोंद घेण्यात आली.

घरी आल्यावर तो जेवला नाही. बाथरूममध्ये वरच्या फ्लॅटचं पाणी टपकत होतं, त्याखाली बादली होती. त्याचा मुलगा निकेश वॉटरप्रूफिंगची रसायनं विकायचा, आणि बादलीही त्याच कंपनीची होती.

“घेऊ नको सत्कार,” जनी म्हणाली. “सांग, मना नको.”

“मी नाय गेलो तरी ते गच्चीवर चढनारच. माजा फोटो ठेवून सत्कार करतील. गच्ची जाईल ती जाईलच.”

सतरा तारखेला सकाळी पाणी मारायला गेला तर मांडववाल्याचा माणूस पेंढा बाजूला सारून कोब्यात पहार घालायच्या तयारीत होता. बांबू रोवायला भोकं पाडायची होती, बारा. काशिरामनं पहार हिसकावली. त्या माणसानं मांडववाल्याला फोन लावला, मांडववाल्यानं परेशभाईंना, परेशभाईंनी पूर्वीला, आणि पूर्वीनं काशिरामला फोन लावला, जो तेव्हा पहारेवर बसलेला होता. शेवटी ठरलं की भोकं नकोत, बांबू वाळूच्या डब्यांत उभे करू. उद्या दहा वाजता येतो. त्या माणसाच्या फोनवरून मांडववाला त्याला म्हणाला, “आजोबा, एवढं काय? फंक्शन झाल्यावर सिमेंटनं बुजवून देतो की.”

काशिराम तिथेच बसून राहिला. थोड्या वेळानं जनी डबा घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग पेंढा सारलेल्या जागी वाकून टिचकी मारली. पुन्हा मारली.

“ह्यो झालाय,” ती म्हणाली.

“आठ दिवस हायेत अजून.”

“तुज्या मिस्त्रीचे आठ दिवस. मना आवाज कलतो. पानी भर.”

“काय?”

“मिठागरावर बांध घालायचास ना? मंग भर पानी. बगू त्यात खुर्च्या कोन मांडतो.”

काशिराम पहारेवरून उठला. पाणी हे चुन्याला औषध; खुर्चीसारखं ते कुठे टोचत नाही, कुठे हलत नाही. पण आठवडाभर आधी भरायचं म्हणजे जुगार होता. कोबा कुठे कच्चा असला तर खालच्या दालनात धार लागणार, तीही नेमकी सत्काराच्या दिवशी, आणि मग सिमेंटवाले आयुष्यभर हसणार. त्यानं तिला हे सांगितलं. ती डबा उघडत म्हणाली, “मी बडवलाय त्यो. कच्चा नाय.”

पाण्याचा प्रश्न होता. पनवेल तळ्यांचं गाव, तरी एप्रिलात नळाला दिवसाआड पाणी. पण परेशभाईंनीच रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून टँकर सांगितला होता, अठराला सकाळी सातला, धर्मशाळेच्या दारात. टँकरवाला धर्मराज काशिरामच्या गावचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सात जणी अनवाणी गच्चीवर हजर झाल्या. चिकणमातीच्या पाट्या आदल्या संध्याकाळीच वर चढवल्या होत्या. काशिरामनं पेंढा काढला. पाणी जायच्या पन्हळीत मातीचे बोळे बसवले. गच्चीला पन्हळींकडे उतार होता, त्यामुळे एकच तळं करून चालणार नव्हतं. एका बाजूला कोरडं, दुसऱ्या बाजूला हातभर. मग त्यानं बापासारखे वाफे आखले. आडवे चार बांध. बायकांनी माती रचली, त्यानं अनवाणी पायानं हळूहळू दाबली. पन्नास वर्षांनी पाय ते विसरले नव्हते. सात वाजता धर्मराजनं पाइप वर टाकला आणि एक अख्खा टँकर गच्चीवर रिता केला. प्रत्येक वाफ्यात चार बोटं पाणी. काशिरामनं बोटं बुडवून मोजलं आणि जिथे जास्त झालं तिथलं जरासं सोडून दिलं.

दहा वाजता परेशभाई मांडववाल्यासह जिना चढून आले आणि शेवटच्या पायरीवरच थांबले.

“हे काय आहे?”

“पानी,” काशिराम म्हणाला.

“दिसतंय मला! का?”

“पुराव्यासाठी. तुमच्या फॉर्मात मागितलाव ना.”

परेशभाई चिडले. हा माणूस चिडू शकतो हे काशिरामला तेव्हाच कळलं आणि त्याला थोडा आदरही वाटला. “काशिरामभाऊ, दोन महिने मी राबतोय तुमच्यासाठी! घरोघरी वर्गणी मागितली, पाहुण्यांच्या दारात तीनदा बसलो. तुमचा सन्मान व्हावा म्हणून! आणि तुम्ही माझं फंक्शन बुडवता?”

“माजा सन्मान माज्या छाताडावर खुर्च्या मांडून नका करू, एवडंच सांगतोय! नऊ दिवस सांगतोय! पत्र लिवलं, सभेत बोललो, पहारेवर बसलो. अजून काय करू? शिंग फुंकू?”

तोवर पूर्वी आली. तिनं वाफे बघितले, हात तोंडावर ठेवून हसू दाबलं आणि मग शांतपणे म्हणाली की खालचं दालन रिकामंच आहे, पंखे आहेत, दीडशे खुर्च्या सहज बसतील. परेशभाईंनी घड्याळ बघितलं. दुसरा उपायच नव्हता.

“पण हे वरचं पाणी,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “गळणार तर नाही?”

काशिरामनं पन्हळीतला एक बोळा पुन्हा दाबला. जनी म्हणाली, “नाय.”

“पाहुण्यांना कुणी बोलायचं नाही हं. कुणी म्हणजे कुणीच नाही.” मग त्यांना काहीतरी सुचलं. “आणि ताई, तुम्ही सगळ्या जणी आहातच तर संध्याकाळी चहाचं बघाल का? केटररची माणसं गच्चीच्या हिशोबानं सांगितली होती, आता सगळा घोळ झालाय.”

जनीनं काशिरामकडे बघितलं. काशिरामच्या कानशिलावरची शीर उडायला लागली होती. “बगू आमी,” ती घाईनं म्हणाली.

पाच वाजता दालन भरलं. पुढे तीन सोफे, त्यावर मंडळाचे मान्यवर. व्यासपीठावर पाहुणे, अध्यक्ष, परेशभाई आणि काशिराम, नव्या सदऱ्यात. भाषणं सुरू झाली. पाहुण्यांनी वारशावर चाळीस मिनिटं घेतली. काशिरामनं त्यातलं एक अक्षरही ऐकलं नाही, कारण तो वर बघत होता. तिसऱ्या आणि चौथ्या तुळईच्या मधे, बरोबर मधल्या सोफ्याच्या वर, फळीवर एक काळपट डाग होता. तळहाताएवढा. हा आधी होता का? त्याला आठवेना. दोन महिने या छताखाली काढले आणि आठवेना! त्याला वाटलं डाग वाढतोय. मग वाटलं नाही. समोर लोक टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक टाळीसरशी तो डागाकडे बघत होता.

दाराशी जनी चहाचे ट्रे लावत होती. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं, त्याची नजर कुठे लागलीय ते बघितलं, आणि लांबूनच हात मागे उडवून दाखवला. जुना आहे. मागच्या पावसातला. काशिरामनं पहिल्यांदाच मान खाली घेतली.

आता निवेदक मानपत्र वाचत होता. “...आधुनिक सिमेंट तंत्राच्या साहाय्याने श्री. मोकल यांनी ही जीर्ण गच्ची एकहाती उभी केली...”

काशिराम उठला. अजून शाल यायची होती, नारळ यायचा होता, पण तो उठला आणि त्यानं माइक घेतला. परेशभाईंनी त्याचा सदरा मागून ओढला. काही उपयोग झाला नाही.

“सिमेंट नाय,” काशिराम म्हणाला. “चिमूटभर सुदिक नाय. चुना हाय. नि एकहाती बी नाय. मी चुना मळला. गच्ची बडवली त्या तिकडं उभ्या हायेत त्यांनी. ती जनी, माजी बायको. ती सखूबाई, ती चंद्रावती, ती रमा नि बाकीच्या तिगी. सात दिवस उनात. त्यांना फॉर्म नाय दिलाव कोनी. त्यांना चहा वाटायला सांगितलाव.”

सात जणी अंग चोरून भिंतीला लागल्या.

“तुमाला कामाचा पुरावा पायजे व्हता. वर बगा.”

दीडशे माना वर झाल्या.

“तुमच्या डोक्यावर आता चार बोटं पानी हाय. सगल्या गच्चीभर. अख्खा टँकर. सकाली सातपासून. कोनाच्या अंगावर थेंब पडलाय? सांगा.”

मग मधल्या सोफ्यावरचे एक मान्यवर खाकरले, डोक्यावरून हात फिरवला आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. त्यांच्यामागून दुसरे उठले. वडेवाले, रबरी टोपणवाले, कार्पेटवाले सगळे उठले आणि भिंतीकडेला, खिडक्यांत, व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मागच्या खुर्च्यांवरचे लोक खुर्च्या उचलून मागे सरकले. पाहुणे म्हणाले की त्यांना जरा मोकळ्या हवेत बरं वाटेल, आणि अध्यक्ष त्यांना सोबत म्हणून गेले. दोन मिनिटांत दालनाचा मध्य रिकामा झाला. तीन सोफे, आणि वर कोरडं छत.

काशिराम माइक धरून उभा होता. इतके दिवस ओरडला, कुणी ऐकलं नाही. आता ऐकलं तर हे! त्याला वाटलं, माइक फेकून घरी जावं.

सखूबाईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की सकाळपासून उभे असलेले पाय दुखतायत आणि समोर रिकामा सोफा आहे. ती तुरुतुरु चालत गेली आणि मधल्या सोफ्यावर, बरोबर त्या डागाखाली, पाय वर घेऊन बसली. चंद्रावती गेली. रमा गेली. मग बाकीच्या तिघी गेल्या, पदर सावरत, एकमेकींना सरकायला सांगत. एकीनंही वर बघितलं नाही. ते छत त्यांना ठाऊक होतं.

जनी शेवटी बसली. तिनं सोफ्याची गादी हातानं दाबून बघितली, बरी वाटली. मग तिला आठवण झाली आणि ती व्यासपीठाकडे वळून म्हणाली, “मंग आता चा कोन देनार?”

परेशभाई व्यासपीठावर एकटेच उरले होते, हातात घडी केलेली शाल. ते पळाले नव्हते, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा काशिरामकडे बघितलं. मग शाल खुर्चीवर ठेवली, दाराशी जाऊन चहाचा ट्रे उचलला, आणि छताच्या बरोबर मधोमध उभं राहून पहिला कप सखूबाईपुढे धरला.